वाचक विचारतात : जुन्या स्कूनरवरचे चार-सहा दिवस

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची स्कूनर जातीची शिडाची मालवाहू जहाजे आजही पाण्यावर आहेत आणि उन्हाळ्यात त्यांवर प्रवाशांना तीन ते सहा दिवसांच्या सफरीवर नेले जाते, असा ओझरता उल्लेख मागे या सदरात आला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी बॉस्टनजवळ राहतो आणि अशा तीन सफरी केल्या आहेत. खलाशी मात्र मी नाही, त्यामुळे उत्तरे प्रवाशाच्या नजरेतून दिलेली आहेत, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझे आजोबा फत्तेमारीवर तांडेल होते. मंगळुरी कौले घेऊन ते मुंबईला जात आणि नारळी पौर्णिमेनंतरच घराबाहेर पडत, एवढे आठवते. मुलगी बॉस्टनला असते, पुढील वर्षी तिच्याकडे जाण्याचा विचार आहे. स्कूनर म्हणजे फत्तेमारीसारखेच गलबत का? आणि सफरीत कोणकोणती बंदरे दाखवतात, त्याचा कार्यक्रम आधी मिळतो का? (विजयदुर्ग येथील एक वाचक)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेक लोकांची निराशा तेथेच होते. कार्यक्रम मिळत नाही. तो कोणाकडेच नसतो, कप्तानाकडेही नसतो. सोमवारी सकाळी कॅम्डेन किंवा रॉकलंड बंदरातून निघताना त्याला एवढेच ठाऊक असते की शनिवारी याच धक्क्याला परत यायचे आहे. मधल्या दिवसांत वारा कोठून येतो, भरती केव्हा आहे आणि रात्री कोणत्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकणे सुरक्षित ठरेल, यावर मार्ग ठरतो. पेनॉबस्कॉट उपसागरात बेटे इतकी आहेत की कोणत्याही वाऱ्यात एखादी निवांत खाडी सापडतेच. परंतु ‘आम्हाला अमुक दीपगृह पाहायचेच आहे’ असा हट्ट येथे चालत नाही. ज्यांना स्थळे पाहायची आहेत त्यांनी मोटार भाड्याने घ्यावी. येथे आपण काही दिवस विकत घेतो आणि त्या दिवसांचे काय करायचे ते वाऱ्यावर सोपवतो. आपल्या आजोबांना हे कोणी समजावून सांगावे लागले नसते.

आता फत्तेमारी आणि स्कूनर. दोन्ही किनाऱ्या-किनाऱ्याने माल वाहणारी, दोन्ही लाकडी आणि दोन्ही बहुधा दोन डोलकाठ्यांची, एवढे साम्य खरे आहे. शिडांची रचना मात्र वेगळी आहे. फत्तेमारीचे तिकोनी शीड एका लांबलचक तिरक्या लाकडाला बांधलेले असते आणि वाऱ्याची बाजू बदलायची तर ते अवजड लाकूड डोलकाठीच्या पलीकडे फिरवून न्यावे लागते. त्यासाठी माणसे लागतात आणि जोरही लागतो. स्कूनरचे चौकोनी शीड लाकडी कड्यांनी डोलकाठीलाच जोडलेले असते. त्याच्या वरच्या कडेला एक वासा आणि खालच्या कडेला एक वासा असतो. सुकाणू फिरवून जहाजाने तोंड वळवले की सगळे शीड दारासारखे आपोआप दुसऱ्या बाजूला जाते. त्यामुळे मोठी स्कूनरही चार-पाच माणसांत चालवता येत असे आणि ती वाऱ्याच्या बरीच जवळून तोंड धरून पुढे जाऊ शके. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालवाहतूकदारांनी ती उचलून धरली ती यामुळे, म्हणजे मजुरी वाचत होती म्हणून. तिच्या देखणेपणाचे कौतुक पुढे झाले.

ही जहाजे काय वाहत, तेही आपल्याला रुचेल. इमारती लाकूड, सरपण, विटा, खारवलेले मासे, व्हायनलहेवन आणि स्टोनिंग्टन येथील खाणींतला ग्रॅनाइट हा त्यांचा नेहमीचा माल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलात व्हायनलहेवनचा दगड आहे. सर्वांत धोक्याचा माल होता तो रॉकलंडच्या भट्ट्यांतला चुना. कळीच्या चुन्याला पाणी लागले की तो किती तापतो, हे आपल्याकडे घराला चुना देणाऱ्यांना सांगायला नको. लाकडी जहाजाच्या पोटात चुन्याची पिंपे आणि त्यात गळती, म्हणजे आगच. अशा वेळी पाणी ओतून उपयोग नसे, उलट ते घातकच ठरे. म्हणून खलाशी झाकणे, दारे, भेगा चुन्याच्याच गिलाव्याने लिंपून टाकत आणि आतली हवा संपून आग गुदमरेपर्यंत, कधी कधी कित्येक दिवस, वाट पाहत बसत.

पुढे रेल्वे आली, मालमोटारी आल्या आणि स्कूनरी खाड्यांच्या तोंडाशी कुजत पडू लागल्या. १९३६ साली फ्रँक स्विफ्ट नावाच्या गृहस्थांनी कॅम्डेनमध्ये ‘मेबल’ नावाची एक जुनी स्कूनर घेऊन तीत मालाऐवजी सुट्टीवरची माणसे भरली. पहिल्या फेरीला बॉस्टनच्या तीनच स्त्रिया आल्या होत्या, असे ते पुढे सांगत. मात्र धंदा हळूहळू बसला आणि मोडीत जाणारी कित्येक जहाजे त्यामुळे वाचली. आपल्या फत्तेमाऱ्यांनाही इंजिनाने आणि मालमोटारीनेच संपवले. त्यांना असा कोणी स्विफ्ट भेटला नाही, याची खंत मला दर वेळी त्या डेकवर उभे राहिल्यावर वाटते.

प्रश्न : इंटरनेटवर पाहिले तर डझनभर जहाजे दिसतात आणि सगळीच स्वतःला ‘ऐतिहासिक’ म्हणवतात. निवड कशी करावी? किती दिवसांची सफर घ्यावी आणि कोणत्या महिन्यात? (पुणे येथील एक दांपत्य)

उत्तर : सगळी जहाजे जुनी नाहीत, हा आपला संशय योग्य आहे. ‘मेरी डे’ १९६२ साली आणि ‘एंजेलिक’ १९८० साली मुद्दाम प्रवाशांसाठीच बांधल्या गेल्या. त्या उत्तम आहेत आणि त्यांत उभे राहायला उंचीही जास्त मिळते, पण त्यांनी कधी माल वाहिलेला नाही. आपल्याला इतिहास हवा असेल तर ‘लुईस आर. फ्रेंच’ आणि ‘स्टीफन टेबर’ या दोघींकडे पाहावे. दोन्ही १८७१ साली पाण्यात उतरल्या, पहिली मेनमध्येच आणि दुसरी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. ‘ग्रेस बेली’ १८८२ सालची आहे. ‘जे. अँड ई. रिगिन’ (१९२७) ही मुळात न्यू जर्सीत समुद्रातली कालवे (ऑयस्टर) काढणारी, तर ‘अमेरिकन ईगल’ (१९३०) ही मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरची मासेमारीची स्कूनर होती. या पाचही जहाजांना ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा’ असा अमेरिकन सरकारचा दर्जा मिळालेला आहे. नुसत्या जाहिरातीतल्या ‘ऐतिहासिक’ शब्दापेक्षा हा दर्जा आहे की नाही, ते विचारावे.

दुसरा प्रश्न इंजिनाचा विचारावा. ‘अमेरिकन ईगल’वर इंजिन आहे, परंतु ‘फ्रेंच’, ‘टेबर’ आणि ‘ग्रेस बेली’ यांच्या पोटात इंजिनच नाही. वारा पडला की मागच्या बाजूला टांगलेली एक छोटी इंजिनाची होडी पाण्यात सोडतात. तिला ‘यॉल बोट’ म्हणतात. ती आपले नाक स्कूनरच्या पाठीला टेकवून तिला ढकलत नेते. साठ-सत्तर टनांचे जहाज एवढीशी होडी ढकलते हे पाहायला मौज वाटते. काहींना हा गैरसोयीचा प्रकार वाटेल, पण माझा कल याच जहाजांकडे आहे, कारण हाताशी इंजिन असले की वेळापत्रक पाळण्याचा मोह कप्तानालाही होत असावा.

दिवसांबाबत माझे मत ठाम आहे. चार दिवसांपेक्षा कमी घेऊ नये. पहिला दिवस डोके कोठे आपटते आणि दोर कोठे अडतो, हे शिकण्यात जातो. दुसऱ्या दिवशी घड्याळ पाहण्याची सवय कुरकुरते. तिसऱ्या दिवशी कोठे आपण खरे जहाजावर येतो, आणि तीन दिवसांची सफर नेमकी तेव्हा संपते.

हंगाम मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा उबदार असते, सकाळी वारा मंद आणि दुपारी नैर्ऋत्येचा वारा चांगला वाहतो. मात्र हीच उबदार दमट हवा थंड पाण्यावर आली की धुके धरते आणि एखादा संपूर्ण दिवस पांढऱ्या भिंतीत जातो. सप्टेंबरमध्ये वायव्येचा कोरडा, जोरकस वारा सुरू होतो, धुके कमी होते, रात्री थंड होतात. मी दोनदा सप्टेंबरात गेलो आणि पुन्हा गेलो तरी तेव्हाच जाईन. जहाजांची शर्यत पाहायची असेल तर मात्र जुलैच्या आरंभीचा तो आठवडा विचारून घ्यावा.

दर जहाजागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. ते माणशी असतात आणि त्यांत जेवणखाण धरलेले असते. खलाशांना शेवटी बक्षिसी देण्याचा तेथे रिवाज आहे, ती रक्कम आधीच बाजूला ठेवावी. व्हिसाचा वेगळा काही सोपस्कार नाही, कारण जहाज अमेरिकेच्या पाण्याबाहेर जात नाही. बॉस्टनहून कॅम्डेन सुमारे ३०० किलोमीटर आहे. पुष्कळ जहाजांवर आदल्या संध्याकाळीच चढायचे असते आणि पहिली रात्र धक्क्यालाच काढायची असते, हे विमानाची तिकिटे काढताना विसरू नये.

प्रश्न : आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, अंडे चालते. लॉबस्टरशिवाय तेथे काही मिळते का, आणि शाकाहारी माणसाने जावे का? (ठाणे)

उत्तर : निश्चिंत जावे, पण आरक्षण करतानाच लेखी कळवावे. जहाज निघाल्यावर दुकान नसते आणि आठवडाभराचा शिधा आधीच भरलेला असतो. जुन्या खलाशांच्या भाषेत ज्याला भंडारी म्हणत तो आचारी पहाटे चार-साडेचारला उठून लाकडाची लोखंडी शेगडी पेटवतो आणि त्या एका शेगडीवर वीस-पंचवीस माणसांचे तीन वेळचे जेवण करतो. रोज ताजा पाव भाजला जातो. सूप, कोशिंबिरी, भाजलेल्या भाज्या, ब्लूबेरीचे पदार्थ भरपूर असतात. शाकाहारी लोक त्यांना नवीन नाहीत. तिखट मात्र मिळणार नाही. एक लहान बाटली लोणचे बरोबर न्यावे, आणि ते संपूर्ण टेबलावर फिरेल अशी मनाची तयारी ठेवावी.

सफरीत एका संध्याकाळी एखाद्या निर्जन बेटाच्या पुळणीवर लॉबस्टरची मेजवानी होते. आपल्या शेवंडीचा हा थंड पाण्यातला, मोठ्या नांग्यांचा भाऊबंद. लाकडाच्या जाळावर मोठ्या भांड्यात समुद्राचे पाणी आणि वरून समुद्रशेवाळ घालून तो उकडतात, बरोबर मक्याची कणसे आणि बटाटे असतात. शाकाहाऱ्यांसाठी वेगळे काही करतात. परंतु भांडी वेगळी, शेगडी वेगळी, अशी सोवळ्याची अपेक्षा असेल तर त्या जागेत ते शक्य नाही. तेवढे कडक पाळणाऱ्यांनी या सफरीला जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

प्रश्न : माझे वय ६८ असून गुडघे कुरकुरतात. बोट लागण्याचीही भीती वाटते. मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा मला उलटी होते. मुलगा म्हणतो, ‘आई, तुला जमेल.’ मला खात्री नाही. (मुंबई)

उत्तर : ताई, बोट लागण्याची भीती निम्मी कमी करता येते. हा प्रवास उघड्या समुद्रातला नसतो. बेटांच्या आत, बऱ्यापैकी शांत पाण्यात तो होतो आणि शिडावर चालणारे जहाज वाऱ्याने एका बाजूला कललेले, पण स्थिर राहते. लाँच जशी प्रत्येक लाटेला हिंदकळते तसे त्याचे होत नाही. डिझेलचा वास नसतो. रोज संध्याकाळी नांगर पडतो आणि झोप स्थिर पाण्यात लागते. तरीही गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवावी आणि ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी, नंतर ती पोटात टिकतच नाही. पहिल्या दिवशी डेकवरच बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, खाली जाऊन वाचत बसू नये.

गुडघ्यांविषयी मात्र मला आपल्याइतकीच शंका आहे. डेकवरून खाली जाण्याचा मार्ग म्हणजे जवळजवळ उभी शिडी, आणि ती तोंड पायऱ्यांकडे करून उतरायची. खोल्या, जेवणाची जागा आणि काही जहाजांवर शौचालयही त्या शिडीच्या खालच्या टोकाला असते, म्हणजे दिवसातून दहा-पंधरा वेळा चढउतार आली. बेटावर जायचे तर जहाजाच्या कठड्यावरून वल्ह्याच्या होडीत उतरावे लागते. मुलाच्या बोलण्यावर विसंबू नये. घराजवळ माळ्याची शिडी असेल तर ती दहा वेळा चढून-उतरून पाहावी, दुसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते ऐकावे आणि मग ठरवावे. जायचे ठरले तर आरक्षणाच्या वेळी वय व अडचण सांगून शौचालय डेकवर असलेले जहाज मागावे आणि प्रवासाचा वैद्यकीय विमा घ्यावा, कारण अमेरिकेत साधे प्लास्टरही महाग पडते.

खोलीबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. जेथे पूर्वी विटा आणि चुना भरत तेथे आता आपली खोली असते. निजायला दोन बाक, एक दिवा, कपडे टांगायला खुंट्या. दोघांनी एकाच वेळी उभे राहून कपडे बदलणे कठीण असते. भिंती फळ्यांच्या असल्याने शेजारचे घोरणे आपलेच वाटते. माझ्या पहिल्या सफरीला मी चाकांची टणक पेटी घेऊन गेलो. ती बाकाखाली जाईना, दाराशी ठेवली तर दार उघडेना. शेवटी ती पाच रात्री माझ्या पायांशी अंथरुणात झोपली. कापडी, दुमडता येणारी पिशवीच न्यावी. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत. लोकरीचा स्वेटर, कानटोपी आणि पावसाचे जाकीट व विजार ऑगस्टमध्येही लागतात. पोहायची हौस असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की भर उन्हाळ्यातही तेथील पाणी अंदाजे १५ अंशांच्या आसपास असते. कोकणातल्या माणसाच्या तोंडून त्यात उडी मारल्यावर पहिला शब्द कोणता निघतो, तो येथे छापण्यासारखा नाही.

प्रश्न : दीडशे वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेले लाकूड टिकते तरी कसे? जहाजाची प्रत्येक फळी बदलली असेल तर ते १८७१ सालचे जहाज कसे म्हणायचे? आणि अशा जहाजावर बसणे सुरक्षित आहे का? (नाशिक येथील निवृत्त अभियंता)

उत्तर : टिकत नाही, बदलावे लागते, हेच खरे. विशेष म्हणजे या लाकडाचा खरा शत्रू खारे पाणी नाही. तो पावसाचे गोडे पाणी आहे. मीठ कुजण्याला अटकाव करते, म्हणून पूर्वी जहाजाच्या बरगड्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरत. पाऊस डेकच्या सांध्यातून आत झिरपला की ओकचे लाकूड कुजू लागते. म्हणून ही जहाजे दर वर्षी पाण्याबाहेर काढून तपासली जातात, फळ्यांमधल्या फटींत कापूस व ताग ठोकून भरला जातो आणि कुजलेली फळी उपटून नवी बसवली जाते. ‘लुईस आर. फ्रेंच’च्या डोलकाठ्या मधल्या काळात काढून तिला इंजिनावर चालणारे मालवाहू जहाज केले होते आणि १९७०च्या दशकात तिला पुन्हा शिडे चढवली. ‘स्टीफन टेबर’ १९८०च्या दशकाच्या आरंभी मोठ्या प्रमाणात नव्याने बांधली गेली.

मग ते जुने जहाज कसे, याचे उत्तर मी असे देईन की त्याचा आकार आणि त्याचे काम करणे, दोन्ही अखंड राहिले आहे. प्रत्येक नवी फळी जुन्या फळीच्या जागी, तिच्याच मापाने, शेजारच्या जुन्या फळ्यांना जुळवून बसवली गेली. एखाद्या वर्षी सगळे मोडून पुन्हा बांधले असते तर मीही त्याला नक्कल म्हटले असते. आपण अभियंता आहात, आपले मत वेगळे असू शकते. तेथील धक्क्यावर या वादाला प्रत्येक हंगामात नवा गिऱ्हाईक मिळतो.

सुरक्षिततेबाबत सांगायचे तर प्रवासी नेणाऱ्या या जहाजांची अमेरिकेचे तटरक्षक दल नियमित तपासणी करते आणि कप्तानाला त्यांचा परवाना लागतो. रडार, रेडिओ, तराफे, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, सारे असते. धुक्यात ठरावीक अंतराने भोंगा वाजवला जातो आणि फारच दाट झाले तर नांगर टाकून सरळ थांबतात. वादळाची सूचना असेल तर बंदरातच राहतात, आणि तेव्हा कोणी तक्रार केली तर कप्तान ऐकून घेतो व कॉफी देतो.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की प्रवाशाला सुकाणू हाती देतात का. देतात. मोकळ्या पाण्यात, वारा बरा असताना, कप्तान शेजारी उभा राहून चाक आपल्या हाती देतो. शिडे चढवतानाही हाक मारतात. दोन दोर असतात, एक शिडाच्या डोलकाठीकडच्या टोकाला आणि एक बाहेरच्या टोकाला, आणि दोन रांगांनी ते एकाच वेळी ओढायचे असतात म्हणजे वरचा वासा आडवा राहून चढतो. मोठे शीड चढवायला पंधरा-वीस माणसांची पाच मिनिटे आणि तळहाताची थोडी कातडी लागते. सक्ती नसते, पण हात आखडून बसलेला प्रवासी मी अजून पाहिलेला नाही. चाकावर उभे राहिलात तर समोरच्या बेटाकडे पाहू नका, शिडाच्या पुढच्या कडेकडे पाहा. ती फडफडू लागली की आपण वाऱ्याच्या फार जवळ गेलो आहोत असे समजून चाक अर्ध्या आऱ्याने परत फिरवावे. पूर्ण आरा फिरवलात तर खाली गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, भंडाऱ्याचा आवाज येईल, कारण तोपर्यंत त्याचे सूप कलंडलेले असेल.